टोकाचं वजन

पिठाच्या काट्यावर पालथी वाटी,
वाटीवर आडवं वल्हं, दोन्ही टोकं अधांतरी.
जुनं अकराशे वीस ग्रॅम.
नवं, काळं, कार्बनचं, सहाशे चाळीस
आणि किंमत अशी
की नवऱ्याला निम्मीच सांगितली.

वीजबिलाच्या पाकिटावर हिशेब मांडला :
मिनिटाला सत्तर फटके, ऐंशी मिनिटं,
म्हणजे छप्पन्नशे वेळा
चारशे ऐंशी ग्रॅम.
जवळजवळ पावणेतीन टन!
इतकी वर्षं टाइन नदीवर
एवढं ओझं मी फुकटच उचलत होते तर.

ऑड्री चार्लटननं पाकीट वाचलं
चष्मा कपाळावर सारून.
ब्लेडनच्या भंगारवाड्यात एकतीस वर्षं
ट्रक तोलत बसलेली बाई.
भरून आलेला, रिकामा गेलेला,
ड्रायव्हरसकट, ड्रायव्हरशिवाय.
"वर गेलेलं खाली येतं, पोरी,
येताना थोडं परतही देतं.
ते कुठं मांडलंयस?"

मांडलं नव्हतं.

मग तिनं पाकिटातून सहा पौंडांची नाणी काढली.
"तिकडं बघ."
मी न्यूबर्नच्या पुलाकडं बघत राहिले,
मागं चिकटपट्टी फाटल्याचा आवाज.
वळले तर दांड्याच्या मधोमध काळी पट्टी,
दोन्ही पात्यांवरही तशीच, तेवढीच जाड.
नाणी कुठल्या पट्टीखाली
ते एकट्या ऑड्रीला ठाऊक.

पहिल्या दिवशी स्कॉट्सवुडपर्यंत जाऊन आले.
ओहोटी, उघडा पडलेला चिखल,
चिखलात एक ट्रॉली, तिच्यावर बगळा.
खांदे गप्प.
म्हटलं, नाणी काढून घेतलीस ना?
ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच पुलाखाली
उजवा खांदा कुरकुरायला लागला.
पातं पाण्यातून सुटून पुढं येताना
कुणीतरी मागून धरून ठेवतंय,
सोडताना जरा उशीर करतंय.
परत येऊन म्हटलं, पंधरा तरी असतील.

तिनं पट्ट्या सोलल्या.
काल सहाच्या सहा मधोमध होती.
आज तीन या पात्यावर, तीन त्या पात्यावर.
तेच सहा पौंड.

आत्या आडावरून यायची,
कळशी कमरेला अशी बिलगलेली
की बोलता बोलता ती विसरायचीच तिला.
मी एकदा हात लांब करून धरायला गेले
तर पाच पावलांत निम्मं पाणी परकरावर.
"अंगाशी घे गं," एवढंच म्हणाली होती.
ते मला कळायला
चाळीस वर्षं आणि सहा पौंड लागले.

टाइनमाउथच्या बाहेर समुद्र वेगळाच.
सर्फस्की लाटेच्या पाठीवर चढली,
नाक खाली गेलं, मी आनंदानं ओरडले,
आणि बाजूनं आलेल्या वाऱ्यानं
वर गेलेलं हलकं पातं पतंगासारखं पकडलं.
हातात सहाशे चाळीस ग्रॅम
आणि पलीकडं सगळा उत्तर समुद्र ओढाओढीला.
त्या क्षणी जुनं वल्हं हवं होतं,
खरं सांगायचं तर,
त्याचा तो ठोंब्या, हट्टी जडपणा.

शर्यतीत बावन्न सेकंद वाचले.
त्यातले वल्ह्याचे किती,
भरतीचे किती,
आणि आदल्या रात्री नीट झोपले त्याचे किती,
ऑड्रीनंही सांगितलं नाही.
तोलणाऱ्या माणसानं
अंदाज बोलायचा नसतो, म्हणाली.

चहाचे पैसे तिनं त्याच नाण्यांतून दिले.
काउंटरवरच्या मुलीच्या बोटाला
एक नाणं चिकटलं, सुटेना.
तिनं हात झटकला,
मग दुसऱ्या हातानं सोलून काढलं.